'स्टेलेट लिख्त': सगळ्यांना ठाऊक असलेलं प्रेम

पहिली सहा मिनिटं पडद्यावर एकही माणूस येत नाही. काळंभोर आकाश, चांदण्या आणि रातकिड्यांची किरकिर. कॅमेरा ताऱ्यांमधून हळूहळू वळत क्षितिजाकडे उतरतो. कुठेतरी गुरं हंबरतात, कोंबडा आरवतो. दोन झाडांच्या मधून आपण पुढे सरकत राहतो आणि समोर उजाडत जातं. हा सगळा एकच शॉट आहे. कार्लोस रेगादास या मेक्सिकन दिग्दर्शकाचा 'स्टेलेट लिख्त' असा सुरू होतो. पुढचे दोन तास कसे बघायचे हेही तो इथेच शिकवून ठेवतो. या सहा मिनिटांत जो फोन बाहेर काढेल, त्याला पुढचा सिनेमा सापडणार नाही.

जगभर 'सायलेंट लाइट' या नावाने ओळखला जाणारा हा चित्रपट २००७ चा. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं, तेही मार्जान सात्रापीच्या अ‍ॅनिमेशनपटाबरोबर विभागून. मेक्सिकोने तो ऑस्करसाठी आपली अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठवला आणि तिथल्या आरिएल पुरस्कारांत तो सर्वोत्तम चित्रपट ठरला. रेगादास मूळचा वकील. हा त्याचा तिसरा चित्रपट आणि आमच्या मते आजवरचा सर्वांत चांगला. आधीच्या दोन्हींत प्रेक्षकाला धक्का देण्याचा सोस होता. इथे तो पूर्णपणे निवला आहे.

गोष्ट दोन ओळींची. उत्तर मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांची वसाहत आहे. तिथला योहान हा बायको-मुलांचा संसारी माणूस. एस्थर त्याची बायको. त्याच समाजातल्या मारियानवर त्याचं प्रेम जडलंय आणि ते काही केल्या सुटत नाही. समाज धर्माने बांधलेला, लग्न आयुष्यभराचं, घटस्फोटाचा विचारही कुणाच्या मनात नाही.

इथवर ऐकलं की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे चोरून भेटणं, कुणीतरी पाहणं, पंचांपुढे उभं राहणं आणि वाळीत टाकणं अशी मालिका येते. यातलं काहीच इथे घडत नाही. योहानने एस्थरला सगळं पहिल्यापासून सांगितलेलं आहे. जिवलग मित्राला माहीत आहे, धर्मोपदेशक असलेल्या वडिलांनाही तो स्वतः जाऊन सांगतो. मारियानलाही ठाऊक आहे की एस्थरला ठाऊक आहे. लपवाछपवी नसल्यामुळे उघडकीस येण्याची भीती नाही, आणि ती भीती नसल्यामुळे सुटकेचा नेहमीचा रस्ताही नाही. चोरी पकडली गेली तर माफी मागता येते. इथे माणसं एकमेकांशी पूर्ण खरं वागतात आणि तरीही रोज एकमेकांना दुखावतात. सिनेमाचा सगळा जीव याच पेचात आहे, आणि निषिद्ध प्रेमावरच्या ढीगभर चित्रपटांतून हा वेगळा काढावा लागतो तोही त्यामुळेच.

सकाळच्या न्याहारीचा प्रसंग नीट बघा. आईवडील आणि मुलं टेबलाभोवती बसलेली, डोळे मिटून मूक प्रार्थना चाललेली. ऐकू येते ती फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. प्रार्थना संपते, खाणं सुरू होतं, मुलं चुळबुळतात. एस्थर मुलांना घेऊन बाहेर जाते. जाण्याआधी नवराबायकोंत चार साधी वाक्यं होतात, त्यांत तक्रारीचा सूरही नाही. मग योहान एकटा उरतो. उठून घड्याळ थांबवतो, परत येऊन बसतो आणि रडतो. हमसून हमसून, बराच वेळ. कॅमेरा जवळ जात नाही, दूरही सरकत नाही. कारण अजून कुणी सांगितलेलं नाही, तरी घरात काय बिनसलंय हे आपल्याला कळून चुकतं.

त्या घड्याळामागे एक इतिहास आहे. रशियन साम्राज्यातल्या, आताच्या युक्रेनमधल्या खोर्तित्सा वसाहतीत क्रोगर घराणं लंबकाची भिंतीवरची घड्याळं बनवत असे. देश सोडताना मेनोनाइट कुटुंबं ती गाठोड्यात बांधून बरोबर नेत. चित्रपटातलं घड्याळ कुठल्या घराण्याचं, हा प्रश्न इथे नाही. पण चार देश पालथे घातलेल्या समाजाच्या घरात घड्याळ थांबवणं म्हणजे काय, हे त्या समाजातला माणूस लगेच ओळखेल. शेवटी ते घड्याळ पुन्हा चालू होतं. मधला अख्खा सिनेमा थांबलेल्या वेळात घडतो.

समाजाची माहिती थोडी आधी करून घेतली तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. सोळाव्या शतकातल्या युरोपात लहान बाळांच्या बाप्तिस्म्याला नकार देणारा पंथ निघाला. माणसाने मोठेपणी समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा, शस्त्र उचलू नये, शपथ घेऊ नये, हे त्याचं म्हणणं. फ्रीसलंडचा मेनो सिमन्स हा त्यांचा पुढारी, त्याच्यावरून मेनोनाइट हे नाव. छळ चुकवत यातली एक शाखा आताच्या पोलंडमधल्या व्हिस्चुला नदीच्या मुखाकडच्या सखल प्रदेशात आली. तिथून १७८९ पासून कॅथरीन राणीच्या निमंत्रणावरून रशियात, मग १८७४ पासून कॅनडात. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॅनडातल्या प्रांत सरकारांनी मुलांना इंग्रजी सरकारी शाळांत घालण्याची सक्ती केली तेव्हा त्यांच्यातल्या जुन्या वळणाच्या लोकांनी पुन्हा बिऱ्हाड हलवलं. मेक्सिकोचे अध्यक्ष आल्वारो ओब्रेगोन यांनी त्यांना स्वतःच्या शाळा चालवण्याची आणि सैन्यसेवेतून सुटीची लेखी हमी दिली. मार्च १९२२ मध्ये आगगाड्या भरून माणसं, गुरं आणि अवजारं चिवावाच्या पठारावर उतरली. आजचं कुआउतेमोक शहर त्यांच्या वसाहतींच्या शेजारीच वाढलं. मका, सफरचंदं आणि 'केसो मेनोनिता' नावाचं चीज यांसाठी तो भाग मेक्सिकोत प्रसिद्ध आहे.

पाहणाऱ्यांचा नेहमी गोंधळ उडतो अशा दोन जागा आहेत. योहान पिकअप गाडी चालवतो, गोठ्यात दूध काढायचं यंत्र आहे, शेतात कापणीयंत्र फिरतं. घोडागाडीतून हिंडणारे अमिश लोक मनात धरून बसलेल्याला ही चूक वाटते. ती चूक नाही. कुआउतेमोकच्या वसाहतींनी मोटारी आणि ट्रॅक्टर केव्हाच स्वीकारले. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी आणखी दूर जाऊन नव्या वसाहती केल्या. दुसरी जागा बर्फाची. मेक्सिको म्हटलं की आपल्याला निवडुंग आणि ऊन आठवतं, आणि इथे भर सिनेमात सगळं रान पांढरं होतं. कुआउतेमोक समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंचावर आहे, हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. कथेत महिने सरत आहेत हे सांगायला दिग्दर्शकाने पाटी लावलेली नाही. ऋतू बदललेला दिसला की काळ गेला असं समजायचं.

भाषेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. पात्रं जवळजवळ पूर्ण वेळ प्लाउटडीच बोलतात. ही सखल जर्मन बोली व्हिस्चुलाच्या काठी या लोकांच्या तोंडी बसली आणि नंतर प्रत्येक देशांतरात त्यांच्याबरोबर गेली. चर्चमध्ये आणि धर्मग्रंथात मात्र प्रमाण जर्मन, बाजारात स्पॅनिश. म्हणजे घरची बोली वेगळी, देवाची भाषा वेगळी, व्यवहाराची आणखी वेगळी. चित्रपटाचं नाव घरच्या बोलीतलं आहे, त्याचा अर्थ 'शांत उजेड'. पाप, सैतान, देवाची इच्छा हे शब्द आपण प्रवचनात ऐकतो तसे इथे ऐकू येत नाहीत. गोठ्यात, गॅरेजात, गाडीत, चुलीपाशी ज्या भाषेत माणसं बोलतात त्या भाषेत ते येतात आणि म्हणून जड होतात. उपशीर्षकांच्या इंग्रजीत हा फरक उतरत नाही. तेव्हा शब्द वाचून झाले की आवाज ऐका. वाक्यं तोकडी आहेत, वेळ पुरतो.

बहुतेक कलाकार व्यावसायिक नट नाहीत. योहान झालेला कोर्नेलिओ वाल फेर आणि मारियान झालेली मारिया पांक्रात्स संवाद जवळजवळ सपाट बोलतात. पहिल्या अर्ध्या तासात हे खटकू शकतं. पण या माणसांचा समाजच भावना चेहऱ्यावर मांडणारा नाही. म्हणून आवाजापेक्षा शरीराकडे लक्ष द्यावं: योहानचे खांदे, टेबलावर पडलेले हात, मारियान त्याच्यासमोर उभी राहताना किती अंतर ठेवते ते. एस्थर झालेली मिरियम टेव्स ही कॅनडातल्या स्टाइनबाख या मेनोनाइट गावात जन्मलेली नामवंत कादंबरीकार. ती मुलांना आंघोळ घालते तो प्रसंग पाहा. उघड्यावरचा हौद, साबणाचा फेस, मुलांचे केस चोळणारी तिची बोटं. ही बाई सगळं जाणून आहे आणि तरी मुलाच्या कानामागचा फेस विसरत नाही. या प्रसंगात कथा काडीभरही पुढे सरकत नाही, पण एस्थर आपल्याला कळते ती इथे. टेव्सची पुढे २०११ मध्ये एक कादंबरी आली. मेक्सिकोतल्या मेनोनाइट वसाहतीत सिनेमा बनवायला आलेल्या युनिटभोवती ती फिरते. चित्रपट आवडला तर ती जरूर मिळवून वाचा, कॅमेऱ्याच्या पलीकडची बाजू तिथे मिळते.

पार्श्वसंगीत अजिबात नाही. जे काही संगीत आहे ते प्रसंगातूनच येतं. मित्राच्या गॅरेजात योहान मारियानबद्दल बोलतो. तो दुःखी आहे, पण बोलता बोलता त्याला आनंदही लपवता येत नाही. रेडिओवर गाणं लागतं, तो गाडीत बसतो आणि गाणं म्हणत मित्राभोवती गोल गोल गाडी फिरवतो. प्रेमात पडलेला मोठा माणूस किती पोरकट होऊ शकतो! हा सिनेमातला एकमेव मोकळा श्वास आहे, तोही चुकीच्या बाईसाठी. दुसऱ्या एका ठिकाणी मुलं गाडीत बसून छोट्या टीव्हीवर बेल्जियन गायक जाक ब्रेलचं जुनं गाणं बघतात. गाण्याचा एक शब्द कळत नसताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटतं, आणि त्याच वेळी त्यांचा बाप कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं.

अलेक्सिस साबेच्या छायांकनाची वाखाणणी सगळेच करतात, पण 'सुंदर दृश्यं' एवढ्यावर थांबणं त्याच्यावर अन्याय आहे. चित्रपट ३५ मिमी फिल्मवर, रुंद चौकटीत टिपलाय. टेकडीवर योहान आणि मारियान एकमेकांचं चुंबन घेतात तेव्हा सूर्य थेट भिंगात शिरतो आणि रंगीत ठिपके त्यांच्या अंगावरून तरंगत जातात. एरवी छायाचित्रकार ही चूक मानून शॉट पुन्हा घेतो. इथे ती मुद्दाम ठेवली आहे, कारण त्या दोघांच्या दृष्टीने त्या क्षणी उजेड खरंच अंगावर येतो आहे. आणि सुरुवातीची ती पहाट! २४ फ्रेम्सच्या हिशेबाने सहा मिनिटं म्हणजे ८,६४० चौकटी. पहिल्या फटफटण्यापासून सूर्य वर येईपर्यंत प्रत्यक्षात तास-दीड तास जातो. ताऱ्यांच्या अंधारात दर चौकटीला खूप वेळ उजेड घ्यावा लागतो, उन्हात क्षणभर. हा बदल टप्प्याटप्प्याने केला तर पडद्यावर उजेड धक्के खात वाढतो, लुकलुकतो. इथे तो इतका एकसंध चढतो की सकाळ नेमकी कधी झाली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. योहानच्या मनातलं प्रेमही असंच उजाडत गेलं असणार. हे कुठल्या पात्राच्या तोंडी घातलेलं नाही, पण शॉट तेच सांगतो.

वडिलांशी होणारं बोलणं हे पूर्वार्धाचं शिखर. म्हातारा धर्मोपदेशक आहे, हा शत्रूचा म्हणजे सैतानाचा डाव आहे असं त्याला वाटतं. योहानला वाटतं की हे देवाकडूनच आलंय. इथे रागाचा स्फोट होईल अशी आपली अपेक्षा. होतं वेगळंच. ते दोघं गोठ्यातून बाहेर बर्फात येतात आणि बाप मुलाला सांगतो की एके काळी आपलंही मन दुसऱ्या एका बाईवर गेलं होतं. तो मुलाला शाप देत नाही, धीर देतो, म्हणतो की तुझी जागा मला नको, पण एका परीने तुझा हेवाही वाटतो. धर्मगुरू आणि बाप या दोन भूमिका एकाच माणसात भांडत असतात. ते भांडण आवाज न चढवता दाखवण्याचं धाडस फार थोड्या चित्रपटांनी केलंय.

आता पावसाचा प्रसंग. इथून पुढे शेवटापर्यंतची सगळी कथा उघड होईल. ज्यांना आधी कळायला नको त्यांनी हे पुढचे परिच्छेद सोडून 'प्रत कशी आहे' तिथून वाचावं.

योहान आणि एस्थर गाडीतून चालले आहेत. बाहेर मुसळधार पाऊस, काचेवर वायपरचा खडखडाट. एस्थर बोलते. पूर्वी त्याच्या शेजारी नुसतं बसलं तरी आपण जगाचा भाग आहोत असं वाटायचं, आता आपण सगळ्यापासून तुटलो, असं काहीसं. आणि मग, संपूर्ण चित्रपटात एकदाच, तिच्या तोंडून मारियानसाठी शिवी बाहेर पडते. तिला मळमळतं, ती गाडी थांबवायला लावते, छत्री घेऊन रस्त्याकडेच्या झाडांत धावते. झाडाला धरून ओक्साबोक्शी रडते आणि तिथेच कोसळते. मागे रस्त्यावरून ट्रक जात राहतात. डॉक्टर कारण हृदयाचं सांगतात. एस्थर दुःखाने मेली असं म्हणणं नाटकी वाटलं असतं, पण आपण तास-दीड तास तिच्या न बोलण्याचं वजन मोजत आलेलो असतो, म्हणून ते पटतं.

नंतरचा अंत्यविधी पांढऱ्या खोलीत. बायका प्रेताला आंघोळ घालतात, कपडे नेसवतात. लोक येतात, बसतात, एका सुरात सावकाश गातात. मारियानही येते. ती एस्थरजवळ जाते, वाकून तिच्या ओठांचं चुंबन घेते. तिचा अश्रू एस्थरच्या गालावर पडतो. आणि एस्थर डोळे उघडते.

सिनेमाच्या अभ्यासकांना इथे कार्ल ड्रायर आठवल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या १९५५ च्या 'ऑर्डेट' या डॅनिश चित्रपटात बाळंतपणात गेलेली बाई शवपेटीतून उठते, आणि तिथेही थांबवलेलं घड्याळ पुन्हा सुरू केलं जातं. रेगादासने हे ऋण लपवलेलं नाही, नायकाचं योहान हे नाव ड्रायरच्या योहान्नेसकडे बोट दाखवतं. ही नक्कल आहे असा आक्षेप नेहमी घेतला जातो. आम्हाला तो पटत नाही, कारण चमत्कार कोण घडवतं तिथे दोन्ही चित्रपट फुटतात. ड्रायरकडे तो श्रद्धेच्या शब्दाने आणि एका लहान मुलीच्या विश्वासाने घडतो. इथे शब्द नाही, प्रार्थना नाही, पुरोहित नाही. जिच्यामुळे एस्थर मेली तिच्याच ओठांनी ती उठते. मारियानने आधीच योहानला सांगितलेलं असतं की प्रेमापेक्षा शांती जास्त बळकट असते. त्या खोलीत ती स्वतःचं प्रेम देऊन टाकते आणि निघून जाते. जागी झालेली एस्थर पहिल्यांदा स्वतःबद्दल काही बोलत नाही, तिला कीव येते ती योहानची. लहान मुली खोलीत शिरतात आणि आईला जागी झालेली पाहून त्यांना यत्किंचितही आश्चर्य वाटत नाही. मोठ्यांना जो चमत्कार वाटतो तो मुलींसाठी साधी सकाळ आहे.

उणिवा आहेत, आणि त्या झाकून शिफारस करण्यात अर्थ नाही. मारियान पुरेशी लिहिलेली नाही. एस्थरचं दुःख आपण हौदापासून पावसापर्यंत जगतो, मारियानचं एकटेपण मात्र आपल्याला शेवटी तिच्या चेहऱ्यावरून ताडावं लागतं. ज्या बाईवर चित्रपटाचा शेवट पेलला आहे तिला सबंध चित्रपटात आणखी दोन-तीन प्रसंग मिळायला हवे होते. दुसरं म्हणजे समाज. जुन्या वळणाच्या मेनोनाइटांत चुकलेल्या सभासदाला मंडळीतून काढण्याची रीत आहे, 'बान' म्हणतात तिला. त्या माणसाशी व्यवहार तुटतो, घरच्यांशीही नातं अवघड होतं. आपल्याकडच्या वाळीत टाकण्याशी त्याचं जवळचं नातं आहे. चित्रपटात त्याचा उल्लेखही येत नाही. दिग्दर्शकाला लक्ष तीन माणसांच्या आत ठेवायचं होतं हे समजतं, पण त्यामुळे वसाहत खऱ्यापेक्षा मवाळ दिसते. हा चित्रपट पाहून मेनोनाइट समाज समजला असं कुणी मानू नये. बाहेरून आलेल्या एका कलावंताने त्या उजेडात मांडलेली ही बोधकथा आहे.

जाता जाता एक खुलासा. मेनोनाइट भारतातही आहेत. छत्तीसगडातल्या धमतरीला, म्हणजे तेव्हाच्या नागपूरहून चालणाऱ्या मध्य प्रांतात, १८९९ मध्ये दुष्काळाच्या तोंडावर अमेरिकन मेनोनाइट मिशन आलं. तिथली आणि तेलंगणातली मंडळी या मिशनकार्यातून उभी राहिली. त्यांची भाषा, पोशाख, चालीरीती इथल्याच. चित्रपटातल्या बंदिस्त, प्लाउटडीच बोलणाऱ्या वसाहतींशी त्यांची गल्लत करू नये.

प्रत कशी आहे यावर हा चित्रपट जितका अवलंबून असतो तितके फार थोडे असतील. फिल्म सोसायटीत किंवा घरी मित्रांना दाखवणार असाल तर पुढच्या गोष्टी आदल्या दिवशी तपासून घ्या.

लांबी सुमारे १३६ मिनिटं. हातातली प्रत १३० च्या आसपास भरली तर बहुधा ती काटछाट केलेली नसते, २४ ऐवजी २५ फ्रेम्सच्या वेगाने चालणारी युरोपीय डीव्हीडीची असते. वेग चार टक्क्यांनी वाढतो, आवाजही किंचित चढा होतो. बघायला चालते, पण उपशीर्षकांची फाइल वेगळी जोडलेली असेल तर गडबड होते: २४ च्या हिशेबाची फाइल शंभराव्या मिनिटाला चार मिनिटं मागे पडते आणि पावसातल्या बोलण्यावर भलतीच वाक्यं येतात. म्हणून सुरुवातीची दोन वाक्यं बरोबर बसली एवढ्यावर समाधान मानू नका, शेवटच्या वीस मिनिटांतला एक संवाद लावून बघा. त्याहून मोठी काटछाट असेल तर सुरुवातीची पहाट आणि शेवटची संध्याकाळ पूर्ण आहेत का ते आधी पाहा. कापणाऱ्याचा हात सगळ्यांत आधी तिथेच जातो.

पहाटेच्या शॉटवर प्रोजेक्टरची परीक्षा होते. काळा रंग करडा दिसत असेल तर तारे बुडतात. ब्राइटनेस कमी करत करत असा ठेवा की झाडांच्या आकृत्या आकाशापासून जेमतेम वेगळ्या दिसतील. स्वस्त स्ट्रीमिंगवर किंवा खूप दाबलेल्या फाइलवर आकाशात रंगांचे पट्टे पडतात, गुळगुळीत उजेडाऐवजी जिने दिसतात. अशी प्रत मोठ्या पडद्यावर लावू नये, छोट्या टीव्हीवर ती निभावून जाईल. टीव्हीवर 'मोशन स्मूदिंग' (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा आणि चित्र ताणून पडदा भरू नका. वर-खाली काळ्या पट्ट्या राहू देत. त्या घालवल्या तर कडेला उभी असलेली माणसं चौकटीबाहेर जातात, आणि या चित्रपटात माणसं पुष्कळदा कडेलाच उभी असतात. बर्फातल्या प्रसंगात पांढरी उपशीर्षकं वाचता येत नाहीत. काळी किनार किंवा पिवळा रंग देता आला तर द्या.

आवाज न्याहारीच्या प्रसंगावर लावायचा. शेवटच्या रांगेत बसून घड्याळाची टिकटिक ऐकू आली पाहिजे, तीही पंखे चालू असताना. मग हात लावू नका. पुढे यंत्रांचा आणि पावसाचा आवाज मोठा वाटेल, तो तसाच हवा. सभागृहात वातानुकूलन घरघरत असेल तर पहिल्या दहा मिनिटांपुरतं तरी बंद ठेवा, आणि चित्रपट सुरू झाल्यावर पहिली सहा मिनिटं दार उघडू नका. उशिरा आलेल्यांनी बाहेर थांबावं. दाराच्या फटीतून आलेली ट्यूबलाइट त्या आकाशाचा खेळ संपवते.

मध्यंतर नकोच. सभागृहाचा नियमच असेल तर पावसातल्या प्रवासाच्या आधी घ्या, नंतर कदापि नको. प्रास्ताविक पाच मिनिटांत उरकावं आणि त्यात १९२२ चं स्थलांतर, बोलीभाषा आणि बर्फ एवढंच सांगावं. ड्रायरचं नाव चर्चेसाठी राखून ठेवा, आधी घेतलंत तर निम्म्या लोकांना शेवट कळतो.

कुणाला दाखवू नये? ज्यांना दिवसभराच्या कामानंतर हलकं काही हवंय त्यांना आजच नको, रविवारी सकाळी बोलवा. डोकं ताजं असताना हाच चित्रपट निम्मा वाटतो. शरीरसंबंधाचा एक प्रसंग आहे, संयत पण स्पष्ट, त्यामुळे मुलांना सोबत घेऊन बसण्याचा हा सिनेमा नाही. नुकतंच घरातलं माणूस गेलेल्यांना अंत्यविधीचा भाग जड जाईल, त्यांना आधी कल्पना द्या.

शेवटच्या शॉटमध्ये दिवस मावळतो. सुरुवातीची पहाट जणू उलटी फिरते, उजेड ओसरतो, रातकिडे परततात, एकेक तारा उमटतो. नावं येऊन पडदा पूर्ण काळा होईपर्यंत सभागृहातले दिवे लावू नका.